८२३ वर्षांनी येणारा महिना वगैरे काही नसतं
आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटी ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, पाच शुक्रवार पाच शनिवार पाच रविवार असलेला महिना म्हणे ८२३ वर्षांतून एकदाच येतो. अहो, ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की झालं! ऑगस्ट २०२५ बघा, मे २०२६ बघा. आणि ८२३ तर शक्यच नाही, कारण आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं रिपीट होतं, ४०० वर्षांचे दिवस १,४६,०९७, त्याला ७ ने भागा, बरोब्बर २०,८७१ आठवडे, बाकी शून्य, किती सुंदर आहे हे! त्यातूनच अजून एक निघतं, या ४,८०० महिन्यांत १३ तारीख सगळ्यात जास्त वेळा शुक्रवारी येते, ६८८ वेळा.