शनिवारी सवय कुठे जाते?

समजा, एखाद्याचं वजन स्थिर राहायला रोज २,००० कॅलरी लागतात आणि वजन उतरवायचं म्हणून तो सोमवार ते शुक्रवार १,७०० वर थांबतो. पाच दिवसांत १,५०० कॅलरी वाचल्या. आता शनिवारी आणि रविवारी प्रत्येकी ७५० जास्त पोटात गेल्या, की आठवड्याचा हिशेब शून्यावर. आणि ७५० कॅलरींसाठी मेजवानी लागत नाही. गोड शीतपेयाचे ३३० मिलिलिटरचे दोन कॅन (सुमारे २८०), तळलेले बटाट्याचे काप ५० ग्रॅम (सुमारे २७०) आणि स्वयंपाकात सढळ हाताने पडलेले दोन मोठे चमचे तेल (सुमारे २४०) एवढं पुरतं.

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० ते ६० वयाच्या ४८ जणांचा असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. आहार कमी केलेल्या गटाचं वजन आठवड्यात उतरत होतं आणि शनिवार-रविवारी ते उतरणं थांबत होतं. याचा दोष बहुतेक जण स्वतःच्या निग्रहाला देतात. तो दोष चुकीच्या ठिकाणी दिला जातो असं ठामपणे म्हणायला हवं, कारण त्यामुळे उपायही चुकीचा निवडला जातो.

सवय खुणेवर चालते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एकाच प्रसंगाला जोडून एक छोटी कृती करायला सांगितली. उदाहरणार्थ, दुपारच्या जेवणासोबत एक फळ. कृती आपोआप घडू लागायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. माणसामाणसातला फरक मात्र प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आता विचार करा: ‘ऑफिसात अकराच्या सुट्टीत फळ खायचं’ ही सवय तुम्ही महिनोन्‌महिने अंगवळणी पाडली आहे. शनिवारी ऑफिस नाही, अकराची सुट्टी नाही, फळ ठेवलेला डबाही नाही. सवय मोडली नाही, तिला हाक मारणारी खूणच त्या दिवशी आली नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे सवयींची यादी काढून प्रत्येकीची खूण तपासणं. जी खूण आठवड्यातून पाचच दिवस येते तिला बदला. दात घासणं, अंघोळ, सकाळचा पहिला चहा, रात्री फोन चार्जिंगला लावणं या गोष्टी सातही दिवस होतात. फळ अकराच्या सुट्टीऐवजी अंघोळीनंतर खाल्लं, तर रविवारीही ते खाल्लं जाईल.

दुसरा घोळ घड्याळाचा. आठवड्यात ११ ते ६ झोपणारा माणूस सुट्टीच्या आदल्या रात्री दीडला झोपून साडेनऊला उठला, तर झोपेचा मध्यबिंदू अडीचवरून साडेपाचवर जातो. शरीराच्या दृष्टीने हा तीन तासांनी वेगळ्या प्रदेशात प्रवास केल्यासारखा प्रकार आहे. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. ताटावर त्याचा परिणाम सरळ दिसतो. नाश्ता बुडतो, दुपारचं जेवण तीनला, रात्रीचं दहाला. दिवस उतरताना शरीराची रक्तातली साखर हाताळण्याची क्षमता कमी होत जाते, आणि नेमकं त्याच वेळी सर्वांत मोठं जेवण समोर येतं.

झोप कमी पडली तर भूकही वाढते. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास अंथरुणात काढलेल्या रात्रींच्या तुलनेत तृप्तीची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं. हा प्रयोग लहान आहे, पण शनिवारी रात्री जागून रविवारी दिवसभर काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं, त्याचा माग तो देतो.

उठायची वेळ नेहमीपेक्षा तासाभरापलीकडे सरकू देऊ नका. झोप राहिली असेल तर दुपारी २०-३० मिनिटं पडा. पहिलं खाणं नेहमीच्या वेळेपासून दीड तासाच्या आत आणि त्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. दोन अंडी (१२ ग्रॅम), पेलाभर दूध (८) आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे (७) एवढ्यात ते जमतं. अंडी नको असतील तर २०० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं आणि पेलाभर दूध घ्या. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने पुढेमागे करू नयेत.

तिसरी गोष्ट सोबतीची. मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांच्या सात दिवसांच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा इतरांसोबतचं जेवण एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा ४४ टक्के मोठं निघालं. पंगत लांबते आणि हात चालूच राहतो. सोबत सोडणं हा काही उपाय नव्हे. माणसांबरोबर जेवणं ही चांगली गोष्ट आहे. भांडी मात्र टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवा, म्हणजे पुन्हा वाढून घ्यायला उठावं लागेल. पाकिटातून थेट खाऊ नका, वाटीत काढून घ्या. आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांच्या २००२ सालच्या प्रयोगात ५०० ग्रॅमऐवजी १,००० ग्रॅम पदार्थ समोर ठेवला, तर लोकांनी ३० टक्के जास्त खाल्लं. आणि आपल्याला वेगवेगळ्या दिवशी कमी-जास्त वाढलं गेलं हे निम्म्यांहून कमी लोकांच्या लक्षात आलं.

बाहेर रात्री नऊला जेवायचं असेल तर ‘जागा ठेवायची’ म्हणून दिवसभर उपाशी राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सहाच्या सुमारास एक फळ आणि थोडे दाणे खाऊन निघा. मद्य घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे ७ कॅलरी, शरीर आधी ते निपटतं, चरबी जाळणं मागे पडतं, आणि ‘पुरे’ म्हणणारा हातही सैल होतो.

आता सर्वांत घातक क्षण. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी चवपरीक्षा आहे असं सांगून विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइसक्रीम चाखायला दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. साहजिकच होतं. पण ज्या डाएट करणाऱ्या होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं! ‘आता मोडलंच आहे, तर मोडू दे’ हा विचार आला की पोटाचं ऐकूच येत नाही. म्हणूनच ‘शनिवार म्हणजे सूट’ असा अख्खा दिवस सोडणं धोक्याचं. त्या सवलतीला पदार्थाचं नाव आणि माप द्या: शनिवारी रात्री, बाहेर, एक गोड पदार्थ, दोघांत एक.

चुकल्यावर काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवा, ‘जर-तर’च्या भाषेत. ‘जर दुपारी जास्त झालं, तर रात्री नेहमीचंच जेवण, नेहमीच्याच वेळी.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून हे चांगलं पुढे आलं आहे, की प्रसंग आणि कृती अशी जोडून ठेवली तर नुसत्या ‘नीट खाईन’पेक्षा ती जास्त वेळा पाळली जाते. लॅलींच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखी खोट आली नव्हती. खाण्यावरचा ताबा वारंवार पूर्ण सुटत असेल, मग अपराधी वाटत असेल, तर मात्र हा सवयीचा प्रश्न नाही, डॉक्टरांशी बोला.

सोमवारी सकाळचा काटाही फसवतो. दीड किलो वाढ दिसली आणि ती सगळी चरबी असती, तर दोन दिवसांत गरजेपेक्षा जवळजवळ ११,५०० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, कारण एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठतात. खरी गोष्ट अशी, की जास्तीच्या पिष्टाचं ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) होतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरलं की काटा १.२ किलो पुढे. वरून मीठ जास्त झालेलं असतं, तेही पाणी धरतं. हे दोन-चार दिवसांत ओसरतं. ते बघून घाबरून सोमवारी उपाशी राहिलात, तर मंगळवारी रात्री भूक हिशेब मागते. वजन शुक्रवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि शुक्रवारची तुलना मागच्या शुक्रवारशीच करा.