पीडितेच्या सोबतीला कोण? पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

26 मार्च 1972 ची रात्र. गाव देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. भावाने दिलेल्या तक्रारीवरून एका अल्पवयीन आदिवासी मुलीला पोलीस ठाण्यात आणलं होतं. जबाब झाले, मंडळी निघाली. तिला तेवढं थांबवून घेतलं आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर ठाण्याच्या आवारात तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार दोन पोलिसांवर नोंदली गेली. सगळं घडत होतं तेव्हा तिची माणसं ठाण्याबाहेर उभी होती.

सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार, असा तो तर्क होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले, मुंबईत 1980 मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. बलात्काराचा खटला बंद दालनात चालवण्याची आणि पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरवण्याची तरतूद तेव्हा आली. ते प्रकरण आजही त्या मुलीच्या नावाने ओळखलं जातं. तिच्यामुळे आलेल्या कायद्याचा मान राखून ते नाव इथे लिहीत नाही.

कायदा सुधारला, पण ठाण्यात तिच्याबरोबर कोण बसणार, हा प्रश्न तसाच राहिला. याचं मूळ आपल्या फौजदारी पद्धतीत आहे. खटला असतो ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी’. सरकारी वकील शासनाचे, बचावाचा वकील आरोपीचा. जिच्यावर गुन्हा घडला ती कागदावर फक्त एक साक्षीदार. समन्स आलं की यायचं, उलटतपासणीला तोंड द्यायचं, परत जायचं. जामीन झाला, तारीख पडली, तपास अधिकारी बदलला, हे तिला सांगायला कुणी बांधील नव्हतं. साक्षीदार फितूर झाला की बातमी होते. त्याआधीची तीन-चार वर्षं तो साक्षीदार कुणाच्या आधाराने तग धरून होता, याची चौकशी कुणी करत नाही.

सोबतीचं काम व्यवसाय म्हणून आकाराला आलं ते मुंबईत. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. खात्याच्या नोकर नव्हत्या, पण खात्याच्या दाराआत होत्या. माझ्या मते ही जागेची निवडच सगळ्यात महत्त्वाची होती. ठाण्यात एकटी आलेली बाई तक्रार न लिहिता परत जाते, कारण समोरचा विचारतो, ‘घरचं भांडण इथे कशाला आणलंस?’ तिथे शेजारच्या खुर्चीवर पोलिसांची भाषा जाणणारी एक बाई असली की तोच संवाद वेगळा होतो. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्यांमध्ये नेले. 2000 मध्ये हाच विचार दवाखान्यात पोचला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडलं, कारण मार खाल्लेली बाई ठाण्याआधी केसपेपर काढायला येते.

न्यायालयाने या कामाची व्याख्या केली ती 1994 मध्ये. दिल्लीला निघालेल्या घरकामगार मुलींवर मुरी एक्स्प्रेसमध्ये लष्करी जवानांनी अत्याचार केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रारदार बाईला फौजदारी व्यवस्था नीट ठाऊक असलेला वकील मिळावा. तो ठाण्यापासून बरोबर असावा. समुपदेशन आणि उपचार कुठे मिळतील तेही त्याने सांगावं. शक्यतो शेवटपर्यंत तोच माणूस राहावा. या शेवटच्या वाक्याचं मोल काम करणाऱ्यालाच कळतं. दर तारखेला नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायला लावणं हाही एक छळच. ठाण्यांत अशा वकिलांची यादी ठेवा, असंही तो निकाल म्हणतो.

त्यानंतर तरतुदी एकेक करून आल्या. 31 डिसेंबर 2009 पासून ‘पीडित’ या शब्दाला फौजदारी प्रक्रिया संहितेत व्याख्या मिळाली, निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला आणि सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी स्वतःचा वकील लावता येऊ लागला. मात्र साहाय्यच. साक्षीदार तपासणं आणि युक्तिवाद करणं सरकारी वकिलाचंच काम, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. 2 ऑक्टोबर 2013 पासून महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेतून बलात्कार आणि अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना अर्थसाहाय्य सुरू झालं. अॅट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून लागू झालेल्या कलम 15अ ने पीडिताला संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क थेट कायद्यात लिहिला. दलित वस्तीतल्या फिर्यादीवर गावाचा दबाव कसा येतो, हे जाणून केलेलं ते कलम आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा सगळ्यात पुढे गेला. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या नियमांमध्ये बालकल्याण समितीने नेमायची सहायक व्यक्ती आली. काम साधं दिसतं: साक्षीच्या आधी मुलाला रिकामी कोर्टरूम दाखवायची, न्यायाधीश कुठे बसतात ते सांगायचं, शाळा बुडू नये म्हणून तारखेचा आधीच पाठपुरावा करायचा, पाच वाजता ‘पुढची तारीख’ म्हटलं तर रिक्षात बसेपर्यंत आईचा हात सोडायचा नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही व्यक्ती देणं ही राज्याची जबाबदारी आहे, ऐच्छिक गोष्ट नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांनी 90 दिवसांत तपासाची प्रगती पीडिताला कळवायची आहे, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही चालेल. पण अनेक प्रकरणांत आरोपी घरातलाच असतो. म्हणून तपास अधिकारी फोन नंबर लिहून घेऊ लागला की शेजारी बसलेली कार्यकर्ती आधी विचारते, हा फोन घरात कुणाच्या हातात असतो?