‘प्रयोगशाळेत शून्यातून जीव’? तसं नव्हे!

२०१० साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने शून्यातून जीव घडवला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. घडवला होता तो फक्त जीनोम, म्हणजे पेशीचा संपूर्ण डीएनए-आराखडा. प्रत्येकी सुमारे १,०८० अक्षरांचे १,०७८ डीएनए-तुकडे यीस्टमध्ये टप्प्याटप्प्याने जोडले आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या दुसऱ्या जातीच्या आयत्या, जिवंत पेशीत घातले. पेशीपटल, प्रथिनं बनवणारे रायबोसोम, सगळं उसनं. आराखडाही निसर्गाचाच, शेळ्यांना रोग करणाऱ्या जंतूचा. त्यातही ‘डीएनए-ए’ या जनुकातलं एकच अक्षर गळलं, तर पेशी जगेना. काम कित्येक आठवडे अडलं.

२०१६ मध्ये त्याच संस्थेची, फक्त ४७३ जनुकांची पेशी झाली. त्यातल्या १४९ जनुकांचं नेमकं काम तेव्हा ठाऊक नव्हतं. मग मनाने नवा राक्षस घडवणं वगैरे दूरच! धोका आहे तो असलेल्या जंतूंच्या नकलेचा: पोलिओचा विषाणू २००२ मध्येच मागवलेल्या डीएनए-तुकड्यांपासून बनवला गेला. म्हणून चाळणी लावायची ती कंपन्यांकडे येणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या ऑर्डरींना.