कोरियन डायस्पोरा अध्ययन : वंश, लिंगभाव आणि अस्मिता

कोरियाबाहेर वसलेल्या कोरियन समाजांत वंश आणि लिंगभाव यांतून अस्मिता कशी घडते, याचा शोध घेणारे आंतरविद्याशाखीय संशोधनक्षेत्र. या समाजांची लोकसंख्या सुमारे ७० लाख असून बहुतेक लोक अमेरिका, चीन, जपान आणि मध्य आशियात राहतात.

१९९२च्या लॉस अँजेलिस दंगलीत कोरियन मालकांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. दूरचित्रवाणीवर बंदुका घेऊन छपरावर उभे राहिलेले पुरुष दिसत होते. अभ्यासक एलेन किम यांनी मात्र दुकान गमावलेल्या स्त्रियांना बोलते केले. कोरियन-अमेरिकन वंशचर्चेला तिथून वेगळे वळण मिळाले.

या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम अमेरिकी सैनिकांच्या कोरियन पत्नींवर झाले आहे. १९५० ते १९८९ या काळात अशा सुमारे एक लाख स्त्रिया अमेरिकेत गेल्या. इतिहासकार जी-यॉन यू यांनी त्यांच्या मौखिक आठवणी नोंदवल्या. किमची या आंबवलेल्या कोरियन भाजीच्या वासावर घरात आक्षेप, मुलांशी इंग्रजीतच बोलण्याचा आग्रह, असा त्यांचा संसार होता. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर याच स्त्रियांनी भावंडांना व आईवडिलांना अमेरिकेत आणले. तरीही कोरियातील अमेरिकी लष्करी तळांभोवतीच्या वेश्यावस्तीशी नाव जोडले गेल्याने कोरियन समाजाने त्यांना दूरच ठेवले. ज्यांच्या आधाराने कुटुंबे तिथे पोचली, त्यांच्याच वाट्याला ही अवहेलना आली.

दक्षिण कोरियातून परदेशी दत्तक दिलेल्या मुलांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. आरंभी त्यांत सैनिकांपासून झालेली मिश्रवंशीय मुले बरीच होती. पुढे अविवाहित मातांची मुले वाढली. आई हयात असतानाही मुलाच्या नावाने स्वतंत्र कुटुंबनोंद करून त्याला कागदोपत्री अनाथ ठरवले जाई, हे मानववंशशास्त्रज्ञ एलेआना किम यांच्या संशोधनातून पुढे आले. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व सलोखा आयोगानेही अशा खोट्या नोंदींवर बोट ठेवले.

जपानमधील कोरियन रहिवाशांनी १९५२ मध्ये जपानी नागरिकत्व गमावले. पुष्कळांनी जपानी नावे वापरून ओळख झाकली. उत्तर कोरियाशी निष्ठा राखणाऱ्या शाळांत मुलगे पाश्चात्त्य गणवेश घालत, तर मुलींना चिमा-जोगोरी हा पारंपरिक पोशाख सक्तीचा होता. साहजिकच गर्दीत मुलीच चटकन ओळखू येत. उत्तर कोरियाच्या अणुकार्यक्रमावरून १९९४ मध्ये उद्भवलेल्या पेचप्रसंगात रेल्वेत आणि स्थानकांवर त्यांचे पोशाख ब्लेडने कापण्याचे प्रकार घडले. त्यानंतर अनेक शाळांनी ये-जा करताना दुसरा गणवेश घालण्याची मुभा दिली.