राखणीच्या वतनापासून वनसमितीपर्यंत : सातारा-सांगलीतील सार्वजनिक जमिनी आणि पुरास्थळांची पार्श्वभूमी

गड, लेणी, देवराया आणि गायराने गावकऱ्यांनी सांभाळावीत, अशी अपेक्षा सातारा-सांगली परिसरात हल्ली वारंवार व्यक्त होते. पूर्वी ही राखण फुकट नव्हती. मराठेशाहीत किल्ल्याचे रक्षण शिबंदीइतकेच (किल्ल्यावरच्या नेमलेल्या शिपायांइतकेच) घेऱ्यात, म्हणजे गडाच्या पायथ्याभोवती, राहणाऱ्या रामोशी, महार, कोळी आदी समाजांवर अवलंबून असे आणि त्याबद्दल त्यांना वतन, म्हणजे वंशपरंपरागत जमीन किंवा हक्क मिळत. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. काम जातीने ठरत असे आणि ते नाकारण्याची सोय नव्हती, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि ते योग्यच झाले. मात्र राखणीची जबाबदारी पुढे कोणाकडे जाणार, याची तजवीज त्यासोबत झाली नाही.

तोवर गडांचे लष्करी महत्त्व संपून शतक उलटले होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर किल्ले ओस पडत गेले, १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगरउतारांचा मोठा भाग राखीव जंगलात गेला. ज्या रानात गुरे चारायची, सरपण आणायचे, तिथे जायला गावकऱ्याला आता परवानगी लागू लागली. पुरातत्त्वाची नोंद घेण्याचे कामही याच इंग्रज राजवटीत सुरू झाले. साताऱ्यात असताना इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर यांनी कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेण्यांचे वर्णन लिहिले, आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा आला. जवळच्या गावांना मात्र या कायद्यात काही काम नव्हते.

स्वातंत्र्यानंतर केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा स्मारक कायदा झाला. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत बांधकामाला मनाई झाली आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरले. पण हे संरक्षण यादीत नाव असलेल्या वास्तूलाच मिळते. माळावरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा, बुजलेल्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि पडक्या गढ्या यांपैकी बहुतेकांची नोंद कोणत्याच यादीत नाही. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे नुसते ‘गायरान’ किंवा ‘देवस्थान’ लिहिलेले असते. गायरानांसाठी गुरचरणासारख्या कामांना जमीन राखून ठेवणारे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ आहे, आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. म्हणजे यादीबाहेरच्या पुरास्थळाचा बचाव पुष्कळदा पुरातत्त्वाच्या कायद्याने नव्हे, तर महसुलाच्या नोंदीने होऊ शकतो. ही गोष्ट गडप्रेमींच्याही फारशी ध्यानात येत नाही.

गावाच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग या भागाला परका नव्हता. औंध संस्थानने १९३९ मध्ये ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राज्यघटना स्वीकारली होती आणि सांगली जिल्ह्यातले आजचे कुंडल त्याच संस्थानात होते. त्याच परिसरात पुढे सागरेश्वर घडले. जुन्या मंदिरसमूहाभोवतीच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडी परत आणण्यासाठी वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना आणि वन विभागाला कामाला लावले. सुमारे पावणेअकरा चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ मध्ये अभयारण्य झाले. जंगल राखले की देऊळही राखले जाते, हे तिथे दिसते. रान परत आल्यावर शेतात शिरणाऱ्या हरणांचा त्रास मात्र भोवतालच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आला.

केंद्राच्या जून १९९० च्या परिपत्रकाने आणि राज्याच्या १९९२ च्या निर्णयाने संयुक्त वन व्यवस्थापनाला, म्हणजे वन विभाग आणि गावच्या समितीने मिळून जंगल सांभाळण्याला, अधिकृत रूप मिळाले. साताऱ्याजवळच्या, रानफुलांसाठी प्रसिद्ध कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क, वाहनतळ आणि गर्दीचे नियमन सांभाळू लागल्या. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश झाल्यावर हे काम आणखी वाढले. वतन गेल्यानंतर राखणीला रोख मोबदला मिळण्याचे हे ठळक उदाहरण. पठाराला कुंपण घातल्यावर चराई थांबून गवत वाढले आणि फुले कमी झाली, अशी तक्रार अभ्यासक व स्थानिक करू लागले, आणि पुढे ते कुंपण काढावे लागले. गुरांचे चरणे हाही त्या पठाराच्या जडणघडणीचा भाग असावा, हा मुद्दा त्यातून पुढे आला.

लोकांचा उत्साह प्रत्येक वेळी जतनाच्याच बाजूने पडतो असेही नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडी देवळांना ऑइलपेंट फासला जातो, शिखरे सिमेंटने मढवली जातात, आणि वीरगळ मूळ जागेवरून उचलून देवळाच्या आवारात ओळीने रोवले जातात. दगड वाचतो, पण तो कोणत्या वाटेवर किंवा कोणत्या शिवेवर उभा होता ही माहिती हरवते. गडांवरील टाक्यांचा गाळ काढणाऱ्या तरुणांच्या मंडळांनाही हेच लागू आहे, कारण त्या गाळातच खापरे, नाणी आणि शिशाच्या गोळ्या थरांनी साठलेल्या असू शकतात. गड राज्य-संरक्षित असेल तर पुरातत्त्व संचालनालयाची आणि वनजमिनीवर असेल तर वन विभागाची लेखी परवानगी घेऊन, पुरातत्त्वज्ञ सोबत ठेवून, कोणता थर कुठून निघाला हे लिहीत व छायाचित्रे काढीत गाळ उपसणे, ही पद्धत वेळखाऊ असली तरी ती टाळून काढलेला गाळ पुन्हा तपासता येत नाही.