पेन टूलची वक्ररेषा : मोटारीच्या पत्र्यापासून देवनागरीच्या वळणापर्यंत

कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप ही रेषांनी चित्रं काढायची सॉफ्टवेअर शिकताना घोडं अडतं ते पेन टूलपाशी. सरळ रेघ लगेच जमते. वळण घ्यायला गेलं की हँडल, म्हणजे रेषा वाकवायची ओढकाडी, भलतीकडे जातं आणि अक्षराला पोक येतं. या हँडलचा जन्म मोटार कारखान्यातला आहे, आणि तिथली गरज समजली की नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, कुठे ठेवायचे हेही बरंचसं समजतं.

संगणकाआधी जहाजबांधणीत मोठं वळण काढायला लवचीक लाकडी पट्टी वजनांनी दाबून वाकवत. कागदावरच्या लहान वळणांसाठी फ्रेंच कर्व्ह, म्हणजे तयार वळणांची पट्टी, असायचा. मोटारीच्या बॉडीसाठी पूर्ण मापाची रेखाटनं काढत, त्यावरून मॉडेल आणि मॉडेलवरून साचे. प्रत्येक टप्प्यावर आकार थोडा थोडा सरकायचा. आकड्यांवर चालणारी यंत्रं आली तेव्हा वळणही आकड्यांतच सांगणं भाग पडलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्ये त्याची रीत बसवली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात आपल्या वाटेने तेच गाठलं आणि प्रसिद्ध केलं. म्हणून वक्ररेषेला नाव बेझिए यांचं लागलं.

रीत अशी : एका तुकड्याला चार बिंदू. दोन टोकं म्हणजे नोड, मधले दोन म्हणजे हँडलची टोकं. रेषा नोडमधून जाते, हँडलच्या टोकाकडे फक्त ओढली जाते. हँडलची दिशा रेषा नोडमधून कुठल्या कोनात निघणार ते ठरवते, लांबी ती किती वेळ त्या दिशेला राहणार ते. कास्तेलजोंची रीत इंकस्केपमध्ये स्वतः तपासता येते. एका वक्र तुकड्याचे दोन्ही नोड निवडून इन्सर्ट की दाबा. मध्ये नवा नोड येतो, आकार तसूभरही हलत नाही आणि टोकांची हँडलं बरोबर निम्मी होतात. म्हणजे नोड वाढवणं निर्धोक. काढणं मात्र नाही : दोन तुकड्यांचा आकार एकात बसवावा लागतो आणि तिथेच वळण बिघडतं.

हे गणित छपाईत आणलं अडोबीने. जॉन वॉर्नॉक आणि चक गेश्की यांनी १९८२ मध्ये कंपनी काढली, १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा, आली. तिच्यात वक्ररेषेची आज्ञा तीन बिंदू मागते; चौथा म्हणजे पेन आधीच जिथे आहे तो. १९८७ चा इलस्ट्रेटर म्हणजे या आज्ञा टाइप न करता माउसने देण्याची सोय. स्कॅन केलेलं चित्र खाली फिकट ठेवायचं आणि वरून बाह्यरेषा ओढायची, ही आजची ट्रेसिंगची पद्धत त्याच्या सुरुवातीपासूनची. पेन टूल इतकं अनोळखी होतं की पाकिटात व्हिडिओ टेप असायची आणि तीत वॉर्नॉक स्वतः ते वापरून दाखवायचे.

आता नोड किती ठेवायचे? वर्तुळ घ्या. बेझिए रेषेने ते अचूक काढताच येत नाही, पण चार नोडांत ते इतकं जवळ जातं की डोळ्याला फरक कळत नाही. त्रिज्या १०० मिमी असेल तर प्रत्येक हँडल ५५.२ मिमी. चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहून कमी, म्हणजे १ मीटर त्रिज्येच्या बोर्डावरही ०.३ मिमीच्या आत. दोनच नोडांत तेच केलं तर चूक २ टक्क्यांजवळ जाते आणि बाजू फुगलेल्या स्पष्ट दिसतात. म्हणून 'व'च्या पोटाला नोड द्यायचे ते सर्वांत वरच्या, डावीकडच्या आणि खालच्या टोकाला, हँडल काटेकोर आडवं किंवा उभं, आणि एका तुकड्यात पाव वळणाहून जास्त नाही. इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट, इंकस्केपमध्ये कंट्रोल धरून ओढलं की हँडल सरळ राहतं. नवशिके दर बोटभर अंतरावर नोड टाकतात. त्याने रेषा थरथरते, आणि विनाइल कटरची, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या यंत्राची, ब्लेड प्रत्येक नोडवर अडखळते.

१९८९ मध्ये विंडोजवर कोरल ड्रॉ आलं आणि आपल्याकडच्या पत्रिका, फ्लेक्स आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या कामात तेच रुळलं. 'फाइल कर्व्ह करून द्या' हे प्रेसवाल्यांचं वाक्य तिथलं. समोरच्याकडे आपला मराठी फॉन्ट नसेल तर मजकुराची अक्षरं बदलून कचरा दिसतो, म्हणून कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करायच्या. इथे एक ठेच हमखास लागते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कर्व्ह करून सगळं कंबाइन केलं, म्हणजे एकच वस्तू केली, की जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे पांढरी भोकं पडतात. कंबाइन न करता कटरला पाठवलं तर ब्लेड शिरोरेखेतूनच आडवी जाते. दोन्हींवर उपाय वेल्ड, म्हणजे आकार एकमेकांत वितळवून एकच बाह्यरेषा करणं. पण वेल्ड केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवावीच.

फॉन्ट उघडल्यावर नोड जास्त का दिसतात, याचंही कारण जुनंच. १९९१ च्या ट्रूटाइप या फॉन्ट-प्रकाराने चारऐवजी तीन बिंदूंची, सोपी वक्ररेषा घेतली. तिला तेच वळण काढायला जास्त तुकडे लागतात. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट ट्रूटाइपच आहे. अशा फॉन्टमधलं अक्षर लोगोसाठी वापरायचं असेल तर त्याचे नोड जसेच्या तसे ओढत बसू नये. ते खाली फिकट ठेवून वरून टोकांच्या नोडांनी नवी बाह्यरेषा काढावी.

ऑटो ट्रेसचं, म्हणजे चित्रावरून बाह्यरेषा आपोआप काढण्याचंही तसंच. इलस्ट्रेटरमध्ये २००५ साली लाइव्ह ट्रेस आलं, इंकस्केप त्यासाठी पोट्रेस नावाचा प्रोग्राम वापरतं. स्कॅन ६०० डीपीआयचं आणि स्वच्छ काळं-पांढरं असेल तर बोरूच्या अक्षराची खरखर ते छान पकडतं. धूसर फोटोवरून मात्र प्रत्येक डागाभोवती नोडांची माळ येते. ती कमी करायला सिम्प्लिफाय (नोड कमी करणारी आज्ञा) दाबलं की पहिला बळी जातो तो शिरोरेखा आणि काना जिथे मिळतात त्या कोपऱ्याचा. तो गोल होतो. तिथला नोड कस्प, म्हणजे टोकदार, करून हँडलं आत घेतली, की कोपरा परत धारदार होतो.