.२२३ की ५.५६? पहिल्या सर्व्हिस रायफल मॅचला कुठली गोळी न्यायची
अमेरिकेत सर्व्हिस रायफल मॅचला, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींच्या नेमबाजी स्पर्धेला, पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण एआर-१५ रायफल घेऊनच येतात, आणि दुकानात गेलं की दोन बॉक्स समोर असतात, एकावर .२२३ रेमिंग्टन, दुसऱ्यावर ५.५६ नाटो. काडतुसं शेजारी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही, मॅगझिन तेच, दोन्ही एकाच चेंबरमध्ये (बॅरलमधला काडतूस बसायचा कप्पा) बसतात, आणि घोळ तिथेच होतो.

पुंगळीचं बाहेरचं माप जवळपास सेमच. खरा फरक चेंबरमध्ये आहे. पुंगळीतून निघालेली बुलेट रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना) भिडायच्या आधी थोडी मोकळी जागा असते, ती ५.५६ मध्ये लांब आणि .२२३ मध्ये आखूड. नाटोचं काडतूस आधीच जरा जास्त प्रेशरचं, ते आखूड जागेच्या चेंबरमधून उडवलं की प्रेशर अजून चढतं, प्राइमर (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) चपटा होतो, कधी निखळून ट्रिगरमध्ये जाऊन अडकतो आणि रायफल ऐन मॅचमध्ये ठप्प. उलटं चालतं, .२२३ काडतूस ५.५६ च्या बॅरलमधून बिनधास्त मारा. म्हणून आधी बॅरलवर काय कोरलंय ते वाचा, मग बॉक्स उचला. '.२२३ वाइल्ड' लिहिलं असेल तर दोन्ही चालतात, मॅचवाल्यांच्या रायफलींमध्ये हेच चेंबर खूप दिसतं.

(५५,००० विरुद्ध ६२,००० पीएसआय असे प्रेशरचे आकडे टाकून 'बघा केवढा फरक' म्हणणारे भेटतील, पण दोन्हीकडे प्रेशर मोजायची जागाच वेगळी आहे, त्यामुळे ती वजाबाकी करू नका.)

सुटं काडतूस हातात आलं तर बूड बघा. नाटोच्या मालावर बऱ्याचदा वर्तुळात अधिकचं चिन्ह असतं, .२२३ वर साधं '२२३ रेम'.

आता हे झालं सेफ्टीचं, पॉइंट्स यातून येत नाहीत. पॉइंट्स येतात बुलेटमधून, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत, कारण ५.५६ च्याच नावाखाली ५५ ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) साधी बॉल अ‍ॅमो, म्हणजे लष्करी पद्धतीची साधी गोळीही मिळते आणि ७७ ग्रेनची मॅच बुलेटही. २०० यार्डांवर टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ७ इंचांचं असतं, तिथे उभं राहून मारताना तुमचा हातच गोळीपेक्षा जास्त हलतो, साधी ५५ ग्रेन खपून जाते. ६०० यार्डांवर दहाचं वर्तुळ १२ इंचांचं, म्हणजे अंतर तिप्पट आणि वर्तुळ दुप्पटही नाही, वर वारा, तिथे हलकी बुलेट कुठल्या कुठे जाते. क्लबची मॅच १०० यार्डांवर छोट्या टार्गेटांची असेल तर माझ्या मते महागड्या मॅच अ‍ॅमोवर पैसे घालू नका, ते प्रॅक्टिसला ठेवा. २०० ते ६०० यार्डांचा पूर्ण कोर्स असेल तर निदान ६०० साठी ७७ ग्रेन घ्याच.

पण बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, बघून ('१ इन ७' म्हणजे ७ इंचांत एक पूर्ण फेरा). १ इन ७ किंवा १ इन ८ असेल तर ७७ ग्रेन आरामात चालते, १ इन ९ असेल तर ६९ ग्रेनवर थांबा. ८० ग्रेनच्या नादी आत्ता लागू नका, ती मॅगझिनमध्ये मावतच नाही, ६०० यार्डांवर एकेक करून हाताने भरावी लागते.

हिरव्या टोकाची ६२ ग्रेन स्वस्तात दिसली तरी राहू दे, तिच्या टोकात स्टीलचा तुकडा असतो, बऱ्याच रेंजवर चालत नाही आणि ग्रुपही (टार्गेटवर गोळ्यांचा पुंजका) पसरतो.

आणि जे काही घ्याल ते एकाच लॉटचं (एकाच खेपेत बनलेलं) घ्या नि त्यावरच रायफल झीरो करा, म्हणजे नेम जिथे तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवा, गोळी बदलली की झीरो सरकतो. ५० शॉटच्या कोर्सला सायटर (गुण न धरले जाणारे चाचणीचे शॉट) आणि जॅम धरून ७०-८० गोळ्या बॅगेत असू द्या.